हुतात्मा चौकाची कहाणी फलकावर यावी

संपादक महोदय,

मुंबईच्या हुतात्मा चौकातून फुटणाऱ्या रस्त्यांवर मी नातवाला घेऊन फिरलो. जुन्या कोटाचा चर्चगेट दरवाजा इथेच होता. १८६० च्या दशकात तटबंदी पडली, कारंजे आले, रस्ते मोकळे झाले. वीर नरिमन रोड तेव्हा चर्चगेट स्ट्रीट होता, दादाभाई नौरोजी रोड हॉर्नबी रोड. आणि याच दगडांवर २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या! मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराच्या पुतळ्याकडे बोट दाखवून नातवाने विचारले, “आजोबा, हे कोण?” चौकाला मिळणाऱ्या प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी मराठीत ठळक माहितीफलक लावावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, गिरगाव