वाईचा घाट आणि आपली नाग नदी

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून रेल्वेने पुणे आणि पुढे एसटीने वाई गाठली. सह्याद्रीच्या कुशीतलं कृष्णाकाठचं गाव. मराठी विश्वकोशाचं कामही इथूनच चालतं. १७६२ साली सरदार रास्त्यांनी बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचं पाणी तिला आपटून दुभंगावं, ही त्यामागची युक्ती! जवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाट आहे. तिथल्या देवळातली घंटा चर्चमधली, १७३९च्या वसईच्या विजयानंतर आलेली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी पाहून आमची सौ. दहा मिनिटं जागची हलेना. (मी मात्र तोवर पायऱ्यांवर बसून कंदी पेढे संपवले.)

परतल्यावर नागपुरातल्या महाल भागात जाताना नाग नदी लागली. शहराला नाव देणारी नदी, आणि आपण नाक दाबून पूल ओलांडतो. सुशोभीकरणाचे फलक नकोत. सांडपाणी तेवढं थांबवा आणि बसण्यापुरत्या चार पायऱ्या बांधा.

— एक वाचक, नागपूर