सुरक्षेचा तास जूनमध्ये घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर आग लागली. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात भरलेला होता. स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. दिवस योग्यच आहे, पण शाळांसाठी फार गैरसोयीचा. 14 तारखेला आंबेडकर जयंतीची सुट्टी आणि पुढे वार्षिक परीक्षा. रस्ता सुरक्षेचे अभियान येते जानेवारीत, ऐन स्नेहसंमेलनाच्या आणि सहलींच्या धामधुमीत. परिणामी एक पाहुणे, एक भाषण आणि घोषवाक्य स्पर्धा एवढ्यावर दोन्ही विषय उरकतात. आमचे म्हणणे इतकेच की हे दोन्ही विषय जूनमध्ये, शाळा उघडल्यावर पहिल्या महिन्यात आणि शारीरिक शिक्षणाच्या तासाला घ्यावेत. शिकवायच्या आहेत त्या हालचाली, आणि त्या बाकावर बसून येत नाहीत.

सुरुवात फोनपासून करावी. 101 हा क्रमांक मुलांना पाठ असतो, 112 आणि 108 ही असतो. सराव घेतला की मात्र मूल म्हणते, “आमच्या घरी आग लागलीय, लवकर या,” आणि फोन ठेवते. पत्ता आधी सांगायचा, मग काय पेटले आहे, आत कोणी अडकले आहे का, आणि समोरचा ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन सुरू ठेवायचा. नाशिकच्या सिडकोसारख्या भागात सहा योजना आणि एकसारख्या दिसणाऱ्या गल्ल्या आहेत, जुन्या नाशकात वाड्याची ओळख शेजारच्या दुकानावरून पटते. म्हणून प्रत्येक मुलाने आपला पत्ता जवळच्या चौकासह आणि ओळखीच्या खुणेसह वहीत लिहावा आणि मोठ्याने म्हणून दाखवावा. दहा मिनिटांचे काम आहे.

वर्ग रिकामे करण्याचा सराव मात्र नीट वेळ देऊन करायला हवा, कारण चुका तिथेच होतात. पहिली चूक घंटेची. शाळा सुटल्याची लांब घंटाच आगीसाठी वापरली, तर मुले दप्तरे भरतात आणि आनंदाने ओरडत निघतात. आगीचा इशारा वेगळा हवा: तीन ठोके, थांबा, पुन्हा तीन ठोके. विजेच्या घंटेबरोबर पितळी घंटाही हवी, कारण आगीत वीज आधी बंद करावी लागते. दुसरी चूक जिन्याची. एका रांगेत साधारण सेकंदाला एक मूल उतरते असे धरले, तर साठ-साठ मुलांचे चार वर्ग एकाच जिन्याने एका रांगेत उतरायला चार मिनिटे लागतात, दोन रांगांत दोन. म्हणजे कोणता वर्ग कोणत्या जिन्याने आणि कठड्याच्या कोणत्या बाजूने उतरणार, हे आधी ठरलेले हवे. मागच्या जिन्याच्या लोखंडी जाळीला कुलूप आणि किल्ली शिपायाच्या घरी, ही परिस्थिती फार शाळांत आहे. शाळा भरलेली असताना त्या जाळीला कुलूप नकोच.

शेवटी बाहेर पडणाऱ्याने वर्गाचे दार ओढून घ्यायचे, कडी लावायची नाही. बंद दार धूर अडवते. हजेरीपट शिक्षकांच्या हातात हवा, शिक्षककक्षात नव्हे. कुबडी किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाला कोण उतरवणार, त्यांची नावे आधीच ठरवून ठेवावीत. जमायची जागा मुख्य फाटकात नको, कारण बंब तिथूनच येणार. तो अडीच मीटर रुंद असतो, आणि फाटकात दुचाकी लावलेल्या असल्या तर बाहेरच थांबतो. पहिला सराव सांगून घ्यावा. दुसऱ्या वेळी जिन्याच्या वळणावर लाल फडके घेऊन एक शिक्षक उभे करावेत: “इथे धूर आहे, दुसरीकडून जा.” पहिल्या सरावात झकास उतरलेली शाळा इथे हमखास गोंधळते, आणि हा गोंधळ मैदानावर झालेलाच बरा.

धुराबद्दल एक गैरसमज काढायला हवा. ओला रुमाल नाकावर धरला की काजळी अडते, पण कार्बन मोनॉक्साइड अडत नाही, आणि त्याला वासही नसतो. उपाय एकच, खाली होणे. गरम धूर छताला साठत खाली येतो, त्यामुळे जमिनीपासून फूट-दोन फुटांपर्यंतची हवा त्यातल्या त्यात बरी असते. व्हरांड्यात दोन फुटांवर दोरी बांधून वर चादरी टाकाव्यात आणि मुलांना गुडघ्या-हातांवर रांगत पलीकडे काढावे. बंद दार दिसले तर हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करायचा. गरम लागले तर उघडायचे नाही. लहान मुले घाबरून पलंगाखाली लपतात आणि श्वसनाचा मुखवटा घातलेल्या जवानाला पाहून आणखी आत सरकतात. म्हणून तो मुखवटा त्यांना आधी दाखवावा, हाताळू द्यावा.

कपडे पेटले तर पळायचे नाही. थांबा, आडवे व्हा, तोंड हातांनी झाका, लोळा. भाजल्यावर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे. बर्फ, हळद, टूथपेस्ट काहीही नको, आणि चिकटलेला कपडा ओढायचा नाही. घरातल्या गॅसचे दोनच नियम मुलांना पुरे आहेत. वास आला की विजेचे बटण चालू करायचे नाही, बंदही करायचे नाही. दारे उघडायची, मोठ्यांना रेग्युलेटर बंद करायला सांगायचे आणि बाहेर येऊन 1906 ला फोन करायचा. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. कढईतले तेल पेटले तर पाणी नाही, झाकण. पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटते तेल बाहेर उडवते.

अग्निशामक नळकांडे आठवीच्या पुढच्यांनाच हाताळू द्यावे. सहा किलोच्या पावडरीचा फवारा पंधरा-वीस सेकंदांत संपतो, तेव्हा दोन-तीन मीटरवरून, ज्वाळेच्या बुडाशी, पाठ दाराकडे ठेवून मारायचा. मैदानात डिझेलचा ट्रे पेटवून दाखवण्याचा कार्यक्रम आम्हाला पसंत नाही. मुले टाळ्या वाजवतात, आणि आग ही उभे राहून बघायची गोष्ट आहे हेच शिकतात.

रस्त्याचा धडा खडू आणि मोजपट्टीने द्यावा. ताशी 40 किलोमीटरने येणारी गाडी, चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात 11 मीटर पुढे येते आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी 9 मीटर घेते. वेग 60 असेल तर 17 आणि 20, एकूण 37 मीटर. ओल्या रस्त्यावर दुसरा आकडा आणखी वाढतो. या रेघा मैदानावर आखून मुलांना त्यांवर उभे करावे. मग पुढचे गणित. सात मीटरचा रस्ता ओलांडायला लहान मुलाला सात सेकंद लागतात. तेवढ्यात 50 च्या वेगाची गाडी जवळजवळ 100 मीटर येते, म्हणजे गाडी धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला असेल तरच पाऊल टाकायचे.

‘आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे’ हे सूत्र बरोबर आहे, कारण जवळची गाडी उजवीकडून येते. पण नाशिककरांच्या उलट्या दिशेने येण्याच्या हौसेमुळे दुभाजक असलेल्या रस्त्यावरही डावीकडे पाहावेच लागते. ‘डावीकडून चाला’ हा मात्र वाहनांचा नियम आहे. पदपथ नसेल तिथे पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. पावसाळ्यात रेनकोटची टोपी मानेबरोबर वळत नाही, त्यामुळे बघताना खांद्यापासून वळायला शिकवावे. छत्री पुढे कलंडली की रस्ताच दिसत नाही. उभ्या गाड्यांमधून ओलांडावे लागले, तर गाडीच्या बाहेरच्या कडेशी थांबून बघायचे.

स्कूल बससमोरचे दहा फूट चालकाला नीट दिसत नाहीत, वाकलेले मूल तर नाहीच. बाटली चाकाखाली गेली तर जाऊ द्यावी, आणि बस निघून गेल्यावरच रस्ता ओलांडावा. 8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे नांदूर नाक्याजवळ अपघातात खासगी बस पेटली आणि बारा प्रवासी गेले. त्यानंतर तरी सहलीची बस निघण्यापूर्वी आपत्कालीन दार उघडून दाखवायला हवे. काच फोडायची हातोडी मधोमध नव्हे, बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारायची. पुढच्या मोठ्या काचेवर वेळ घालवू नये. ती थरांची असते, सुटी होत नाही.

मुंबई नाक्याजवळच्या ट्रॅफिक पार्कमध्ये मुलांना जरूर न्यावे. तिथले पट्टे मात्र आखीव आहेत, शाळेच्या फाटकाबाहेरचे नाहीत. म्हणून त्यानंतरचा तास त्याच फाटकाबाहेर, शाळा सुटण्याच्या वेळी, दहा-दहा मुलांचे गट करून घ्यावा.

हेल्मेटचे पालकांनाच सांगायचे आहे. चार वर्षांवरील मुलाला मागे बसतानाही आयएसआय चिन्हाचे हेल्मेट लागते, आणि अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ नुसार पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कॉलेज रोडच्या शिकवण्यांबाहेर उभ्या दुचाकी पाहता हे फारसे कुणाला ठाऊक नसावे.

2006 च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा सुरू असल्याचे प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. ते यंत्रणेचे असते. मुले किती वेळात बाहेर येतात, त्याचे नसते. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागांनी जुलैपूर्वी दोन सराव सक्तीचे करावेत, शिंगाडा तलाव अग्निशमन केंद्रातील जवानांना त्यांपैकी एकाला बोलवावे, आणि लागलेली मिनिटे व सेकंद त्या महिन्याच्या पालकसभेत फलकावर लिहावेत.

आपले,
अग्निसुरक्षा व वाहतूक प्रशिक्षणाचे काम करणारे काही प्रशिक्षक, नाशिक