माळ्यावर चढू नका

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

वळवाच्या पावसात वीज गेली त्या रात्री, बाबा, तुम्ही मोबाइलच्या उजेडात गुडघा धरून माळ्याचा जिना चढलात आणि मी फोनवरून वरच्या पेटीतला एकेक आभासी संगणक बंद कसा करायचा ते सांगत होतो. तिसऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच यूपीएसचे टीं-टीं थांबून सगळे बंद पडले, आणि नेमका त्यातच आजीच्या फोटोंचा डेटाबेस होता. फोटो बॅकअपमधून परत मिळाले. तुमचे ते अंधारातले चढणे मात्र माझ्या मनातून जात नाही. म्हणून दिवाळीत मी दोन दिवस वर बसून जी व्यवस्था केली, ती नीट सांगतो.

ती पेटी म्हणजे एकच खरा संगणक, पण तिच्यात सॉफ्टवेअरने तयार केलेले तीन आभासी संगणक चालतात. पेटी यजमान आणि आतले तिघे पाहुणे. यजमान एकाएकी बंद पडला, तर पाहुण्यांच्या मेमरीत असलेले, पण डिस्कवर न उतरलेले लिखाण नष्ट होते. आता यूपीएसची यूएसबी वायर यजमानाला जोडली आहे. वीज जाऊन दोन मिनिटे झाली, की यूपीएसवर लक्ष ठेवणारा 'नट' हा प्रोग्रॅम यजमानाला बंद होण्याचा आदेश देतो. त्यावर 'लिबव्हर्ट-गेस्ट्स' ही सेवा प्रत्येक पाहुण्याला, त्याचे पॉवर बटण दाबल्यासारखा, संकेत पाठवते आणि ते काम आवरून बंद होईपर्यंत यजमानाला थांबवून धरते. एकामागून एक बंद करायचे आणि प्रत्येकाला 180 सेकंद द्यायचे, तर नऊ मिनिटे लागू शकतात. जुन्या बॅटरीवर तेवढा भरवसा ठेवायला माझे मन धजेना, म्हणून तिघांनाही एकदमच सांगायचे ठरवले.

आई, तुझ्या बचत गटाचा हिशेब ज्या विंडोजमध्ये आहे, तो पाहुणा आधी संकेताला दादच देत नव्हता. त्यात 'क्यूईएमयू गेस्ट एजंट' हा यजमानाचा निरोप पाहुण्याच्या आत पोहोचवणारा छोटा प्रोग्रॅम बसवल्यावर तो पहिल्याच हाकेला बंद झाला. मग मी यूपीएसची पिन भिंतीतून काढून तीनदा चाचणी घेतली. तिन्ही वेळा पेटीचा निळा दिवा पाच मिनिटांच्या आत विझला आणि पुन्हा चालू केल्यावर तुझ्या हिशेबाची शेवटची नोंद जागेवर होती.

तेव्हा वीज गेली तर वर जाऊ नका. पेटी बंद होत असतानाच वीज परत आली, तर ती आपोआप सुरू न होण्याची शक्यता आहे. सकाळी सावकाश जाऊन पुढचे बटण एकदा दाबा. यूपीएसची बॅटरी मी पाडव्याला येईन तेव्हा बदलतो.

तुमचा
बाळ