जुने कीबोर्ड किलोवर काढू नका हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात शेजारच्या एका ऑफिसातनं जुने कम्प्युटर टेंपोत भरत होते, त्यात एका गोणीत पंधरा-वीस कीबोर्ड कोंबलेले, वायरी बाहेर लोंबतायत. वरचा ओढून बघितला तर टीव्हीएस गोल्ड! म्हटलं दोन द्या, पैसे देतो, तर साहेब म्हणे लॉट झालाय, सुटं मिळणार नाही. गेले सगळे वजनावर.

बँकेच्या काउंटरमागचा तो खाडखाड आवाज आठवत असेल तर कळेल मी कशाबद्दल बोलतोय. या जुन्या गोल्ड कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली चेरी एमएक्स ब्लू नावाचा स्वतंत्र स्विच असतो, 5 कोटी वेळा दाबला तरी चालेल असं रेटिंग असलेला, आणि एक बिघडला तर तेवढाच बदलता येतो. स्वस्तातल्या कीबोर्डात खाली रबराची एकच शीट, ती गेली की फेका.

मी डीटीपीवाला. माझ्या गोल्डवर म डबल पडायला लागला, ‘मदत’ची ‘ममदत’ व्हायची. इनस्क्रिप्टमधे, म्हणजे मराठी टायपिंगच्या बटणांच्या मांडणीत, म सी च्या बटणावर असतो, मग काय, स्क्रोल लॉक कोण वापरतं, त्याचा स्विच दोन पिनांचं सोल्डर काढून उपटला आणि सी खाली बसवला, अर्ध्या तासाचं काम. बटणं मात्र कोमट साबणाच्या पाण्यातच धुवा, मी पहिल्यांदा उकळतं ओतलं तर चार वाकडी झाली. आणि काढायच्या आधी फोटो काढून ठेवा नाहीतर परत लावताना डोकं धरून बसाल. पिवळेपणा घालवायला लोक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात, मला ती हौस नाही, पिवळा तर पिवळा. जुनी गोल पिन असेल तर पीएस टू चा यूएसबी कन्व्हर्टर आतल्या चिपवाला घ्या, नुसता पिन बदलणारा बऱ्याचदा चालत नाही.

2022 च्या ई-वेस्ट नियमांत मोठ्या ऑफिसांनी माल नोंदणीकृत रिसायकलरला द्यावा असं आहे, पण नोंदणीकृत रिफर्बिशरला, म्हणजे जुना माल दुरुस्त करून परत वापरात आणणाऱ्यालाही देता येतो हे कुणी बघतच नाही. निदान लॉट बांधताना कीबोर्डची गोणी वेगळी काढा, तिची बोली वेगळी लावा. दुरुस्त करणारे आम्ही येतो की घ्यायला.

आपला,
एक डीटीपीवाला, पुणे