लॉजमध्ये महिनोन्‌महिने राहणाऱ्यांसाठी नियम करा

माननीय संपादक,
स. न.

परळ-दादर परिसरातील लॉजमध्ये राहणारे सगळेच प्रवासी नसतात. टाटा रुग्णालयात उपचारांसाठी विदर्भ-मराठवाड्यातून, अगदी बिहार-बंगालमधूनही आलेली कुटुंबे तिथे महिनोन्‌महिने मुक्काम करतात, कारण रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस याप्रमाणे अनेकदा पाच-सहा आठवडे चालते, केमोथेरपीची पुढची फेरी बहुधा 21 दिवसांनी येते आणि धर्मशाळांतील जागा सर्वांना पुरत नाही. तेवढ्या काळापुरते ती खोली हेच त्यांचे घर असते.

1947 च्या मुंबईच्या भाडे नियंत्रण कायद्याच्या नावातच हॉटेल व निवासगृहांच्या दरांचा उल्लेख होता. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या ‘जागा’ या व्याख्येत मात्र लॉजची खोली बसत नाही. त्यामुळे सुट्ट्यांच्या हंगामात अचानक दर वाढवला किंवा ‘उद्या सकाळी खोली सोडा’ असे सांगितले, तरी दोन महिने नियमित पैसे भरणाऱ्या कुटुंबाला भाडेकरूला असते तसे संरक्षण मिळत नाही.

याहून गंभीर प्रश्न स्वयंपाकाचा आहे. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला बाहेरचे खाणे सोसत नाही आणि खोलीत शिजवायला बंदी असते. मग पलंगाखाली लपवलेली इंडक्शन शेगडी रात्री बाहेर निघते, एक्स्टेन्शन बोर्डावर तीच शेगडी आणि मोबाइलचा चार्जर एकत्र लागतात आणि बंद खिडकीच्या खोलीत मुगाची खिचडी शिजते. 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर सहा महिन्यांनी यंत्रणेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते हे खरे, पण या लपवलेल्या शेगडीचा धोका त्या कागदावर कुठे दिसणार? बंदी कडक करून हा धोका टळणार नाही. दीर्घ मुक्कामाच्या लॉजमध्ये मजल्यागणिक एक सामाईक, सुरक्षित स्वयंपाकघर हाच त्यावरचा उपाय आहे.

लॉजमालकांची धास्तीही मला समजते. पागडीचा, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन जवळपास कायमचा भाडेहक्क देण्याच्या पद्धतीचा, अनुभव असलेल्या या शहरात मुक्काम लांबला की कूळहक्क लागेल, अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून असा हक्क निर्माण होणार नाही हे नियमातच स्पष्ट लिहावे. मात्र 30 दिवसांनंतर संरक्षण लागू, एवढीच मर्यादा घातली तर पळवाट निघते. कॅलिफोर्नियात 30 दिवसांनंतर भाडेकरूचे हक्क मिळू नयेत म्हणून त्याआधीच पाहुण्याला बाहेर काढून पुन्हा नव्याने नोंदवण्याचे प्रकार होऊ लागले आणि त्याला मनाई करणारे वेगळे कलम तिथल्या कायद्यात घालावे लागले.

दीर्घ मुक्काम ही कल्पना आपल्याकडेही नवी नाही. दरमहा माणशी 20,000 रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान 90 दिवसांच्या निवासाला 2024 मध्ये जीएसटीतून सूट मिळाली. मात्र बहुतेक रुग्णांच्या दृष्टीने 90 दिवसांची अट फार लांबची आहे. राज्य शासनाने 30 दिवसांपुढच्या मुक्कामासाठी लेखी मासिक दर, खोली सोडण्यापूर्वी किमान 15 दिवसांची सूचना आणि रुग्णालयाच्या पत्रावर मुदतवाढ एवढे तरी बंधनकारक करावे, आणि त्याची अंमलबजावणी महापालिकेच्या परवान्याशी जोडावी.

आपला,
एक वाचक, परळ, मुंबई