ढिगाऱ्यांतले खनिज धुण्याआधी

महोदय,

जुन्या खाणींभोवती वर्षानुवर्षे पडून असलेल्या ढिगाऱ्यांतून आणि गाळाच्या तळ्यांतून उरलेले खनिज मिळवण्याचा विचार देशात आता गांभीर्याने होऊ लागला आहे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानातही अशा टाकून दिलेल्या मालाची दखल घेतलेली आहे. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील वाचकांना हा विषय परका नाही. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खाणकाम चालू आहे, आणि हाताने दगड फोडून, हातानेच चांगला माल निवडण्याच्या काळात जे ‘हलके’ म्हणून बाजूला पडले त्यात आजच्या दृष्टीने उपयोगी खनिज शिल्लक असणे स्वाभाविक आहे. खनिज-प्रक्रियेच्या कामात आयुष्य घालवलेला एक निवृत्त अभियंता या नात्याने मला या विचाराचे स्वागतच करायचे आहे. परंतु ‘पाण्याने धुऊन वेगळे करणारी यंत्रे बसवली की झाले’ असा जो सूर चर्चेत ऐकू येतो, त्याविषयी वेळीच काही सांगणे मला आवश्यक वाटते.

वाहत्या पाण्यात जड कण लवकर तळाशी बसतात आणि हलके कण पुढे वाहून जातात, एवढ्याच तत्त्वावर ही सारी यंत्रे चालतात. वैनगंगेच्या खोऱ्यातील नद्यांची वाळू लाकडी पात्रात धुऊन सोन्याचे कण वेचणारे सोनझारी याच तत्त्वावर पिढ्यानपिढ्या पोट भरत आले. सोने त्यांना साधत होते याचे कारण सोन्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पदार्थ पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा, १९ च्या आसपास असते आणि वाळूतील गारगोटीचे २.६५. खनिज-प्रक्रियेत यासाठी एक सोपा निकष वापरतात. जड खनिजाच्या आणि हलक्या खनिजाच्या विशिष्ट गुरुत्वातून पाण्याचा १ वजा करायचा आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचे. उत्तर २.५ च्या वर आले तर बारीक वाळूएवढे कणही पाण्याने वेगळे होतात, पावणेदोनच्या खाली गेले तर काम फक्त भरड खड्यांवरच जमते, आणि सव्वाच्याही खाली गेले तर पाण्याचा नाद सोडून द्यावा. सोने आणि गारगोटी यांचे उत्तर ११ येते. मँगनीजच्या पट्ट्यातील मुख्य खनिजांपैकी एक असलेले ब्राउनाइट साधारण ४.७५ गुरुत्वाचे आहे. त्याचे गारगोटीशी उत्तर सुमारे २.३ येते. म्हणजे वेगळे होण्यास हरकत नाही, मात्र कण फार बारीक नसावेत.

यंत्रांचे प्रकार अनेक असले, तरी प्रत्येकाचे आपले क्षेत्र ठरलेले आहे. जिगमध्ये चाळणीवर पसरलेल्या मालाच्या थराखालून पाणी वर-खाली ढकलले जाते. प्रत्येक हिसक्याबरोबर थर सैल होतो, जड खडे खाली सरकतात आणि हलके वर येतात. काही मिलिमीटरपासून पुढच्या खड्यांसाठी जिगइतके भरवशाचे आणि मोठ्या प्रमाणावर माल हाताळणारे दुसरे साधे यंत्र नाही. त्याहून बारीक मालासाठी हलणारे टेबल असते. त्याच्या उतरत्या फळीवर आडव्या बारीक पट्ट्या बसवलेल्या असतात, वरून पाण्याचा पातळ पडदा वाहत असतो आणि फळीला लांबीच्या दिशेने सतत हिसके बसत असतात. अमेरिकेतील कोलोरॅडोत आर्थर विल्फ्ली यांनी १८९० च्या दशकात याला जे रूप दिले तेच थोड्याफार फरकाने आजही चालते, आणि कुशल कामगाराच्या डोळ्यांसमोर खनिजांचे रंगीत पट्टे एकमेकांपासून उलगडत जाताना दिसावेत असे टेबलाखेरीज दुसरे यंत्र मला माहीत नाही. स्पायरल ही उभ्या खांबाभोवती गुंडाळत खाली येणारी पन्हळ आहे. आयरा हम्फ्रीज यांचे स्पायरल १९४३ मध्ये ओरेगॉनच्या क्रोमाइटयुक्त वाळूवर प्रथम वापरले गेले; आज आपल्या देशात केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरील जड खनिजांची वाळू त्याच पद्धतीने धुतली जाते. फिरत्या भांड्यात गुरुत्वाकर्षणाच्या कित्येक पट जोर निर्माण करून सोन्यासारखे अतिजड कण धरून ठेवणारी यंत्रेही आहेत. स्पायरलला सुटा हलणारा भाग नाही, वीज लागते ती फक्त पंपाला, आणि या कोणत्याही यंत्रात वेगळे करण्यासाठी रसायन टाकावे लागत नाही. हे गुण मोठे आहेत आणि त्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

परंतु मँगनीजच्या पट्ट्यात एक अडचण खडकातच दडलेली आहे. येथील धातुक (धातू मिळवण्याजोगे खनिज) गोंडाइट नावाच्या खडकाच्या सोबतीने आढळते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एल. एल. फर्मोर यांनी गोंड समाजावरून त्याला हे नाव दिले. गोंडाइटमध्ये गारगोटीबरोबर गार्नेट या खनिजाची स्पेसार्टाइन ही जात भरपूर असते, आणि या गार्नेटचे विशिष्ट गुरुत्व ४.२ च्या जवळपास असते. वरचा निकष येथे लावून पाहिला, तर ब्राउनाइट आणि गार्नेट यांचे उत्तर जेमतेम १.१७ येते. जिग असो, टेबल असो की स्पायरल, गारगोटी बाहेर जाईल आणि गार्नेट मात्र मँगनीजच्या सोबतीनेच खाली बसेल. चुंबकाने वेगळे करावे म्हटले, तरी दोन्ही खनिजे थोड्याफार प्रमाणात चुंबकाकडे ओढली जाणारीच आहेत, त्यामुळे तेथेही सहज सुटका नाही.

याहून गंभीर गोष्ट रासायनिक तपासणीची आहे. शुद्ध स्पेसार्टाइनमध्येच वजनाने सुमारे ३३ टक्के मँगनीज असते. त्यामुळे एखाद्या ढिगाऱ्याचा नमुना प्रयोगशाळेत देऊन ‘एकूण मँगनीज २० टक्के’ असे उत्तर मिळाले, तर त्यातील किती ब्राउनाइट आणि पायरोल्युसाइटसारख्या उपयोगी खनिजांत आहे आणि किती गार्नेटमध्ये अडकून पडले आहे, हे त्या आकड्यावरून अजिबात कळत नाही. गार्नेटमधील मँगनीजबरोबर सुमारे ३६ टक्के सिलिका आणि २० टक्क्यांहून अधिक ॲल्युमिना येते, आणि भट्टीवाल्याला ती नको असते. केवळ एकूण टक्केवारीच्या आधारे ढिगाऱ्याची किंमत ठरवणे, लिलाव करणे किंवा यंत्रांची मागणी नोंदवणे हे म्हणूनच धोक्याचे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली खनिजे ओळखून त्यांचे प्रमाण काढल्याखेरीज आणि कण कोणत्या आकाराला एकमेकांपासून सुटे होतात हे पाहिल्याखेरीज त्या ढिगाऱ्याविषयी आपल्याला काही माहीत आहे असे म्हणता येणार नाही.

कणांचा आकार हाही दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. अगदी बारीक कणांच्या बाबतीत पाण्यात बुडण्याचा वेग वजनाइतकाच आकारावर अवलंबून असतो. पन्नास मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गारगोटीचा कण आणि तेहतीस मायक्रॉनचा ब्राउनाइटचा कण स्थिर पाण्यात जवळजवळ एकाच वेगाने खाली जातात. दोघांना एकत्र यंत्रावर सोडले, तर यंत्राला त्यांच्यातील फरक कळणार कसा? म्हणून आधी चाळण्या आणि हायड्रोसायक्लोन (पाणी भोवऱ्यासारखे फिरवून भरड व बारीक कण वेगळे करणारे शंकूच्या आकाराचे पात्र) यांनी माल आकारानुसार वेगळा करावा लागतो, आणि प्रत्येक आकाराला योग्य ते यंत्र द्यावे लागते. एका खाजगी कारखान्यात मी पाहिले आहे की, ओळीने स्पायरल बसवले गेले, पण आकारानुसार वर्गवारीची सोय खर्च वाचवण्यासाठी गाळली गेली. भरड माल पन्हळीत साचत राहिला, बारीक माल पाण्याबरोबर निघून गेला आणि दोष मात्र स्पायरलला दिला गेला. चांगल्या यंत्राची अशी बदनामी होताना पाहणे या क्षेत्रातील माणसाला सहन होत नाही.

यंत्र विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात बहुधा एकच आकडा ठळक असतो, तो म्हणजे तयार मालाची प्रत. समजा, २० टक्क्यांचा माल धुऊन ४० टक्क्यांचा केला आणि वाहून गेलेल्या मालात १२ टक्के उरले, तर हिशेब असा होतो की शंभर टनांमागे साधारण साडेअठ्ठावीस टन चांगला माल हाती येतो आणि मूळ मँगनीजपैकी ५७ टक्के त्यात असते. उरलेले ४३ टक्के पुन्हा गाळातच जाते. हे गणित चुकीचे ठरवण्याचा माझा हेतू नाही, कित्येकदा तेवढेही फायद्याचे असते. पण प्रत आणि प्राप्ती (मूळ धातूपैकी हाती आलेला वाटा) हे दोन्ही आकडे, आकारगटानुसार आणि गार्नेटच्या प्रमाणासह, समोर ठेवल्याशिवाय सार्वजनिक मालकीच्या खनिजाविषयी निर्णय होऊ नयेत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

जेथे ही पद्धत निःसंशय बसते अशी जागाही आपल्याच जिल्ह्यात आहे. नागपूर जिल्ह्यातील कुही, खोबना, आगरगाव या परिसरात टंगस्टनची खनिजे आढळतात, आणि टंगस्टनचा समावेश केंद्राच्या महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत आहे. टंगस्टनच्या दोन मुख्य खनिजांपैकी शीलाइटचे विशिष्ट गुरुत्व ६ च्या आसपास, वुल्फ्रामाइटचे ७ च्या वर. गारगोटीशी निकष लावला तर उत्तर ३ आणि त्याहून अधिक येते. जगभर टंगस्टनसाठी जिग आणि टेबल वापरतात ते याचमुळे. मात्र शीलाइट ठिसूळ असते. एकदम बारीक दळले तर त्याची माती होऊन ते पाण्याबरोबर जाते. म्हणून टप्प्याटप्प्याने दळायचे, सुटे झालेले कण प्रत्येक टप्प्यावर काढून घ्यायचे, आणि उरलेले पुन्हा दळायचे, अशी शिस्त पाळावी लागते. खनिजाचे प्रमाण कमी असल्याने येथे घाईला जागा नाही, पण अभ्यासाला भरपूर आहे.

आता पाण्याविषयी. रसायन नाही म्हणून ही पद्धत निर्धोक आहे, असा समज करून घेणे बरोबर नाही. एक टन माल धुण्यासाठी कित्येक घनमीटर पाणी यंत्रातून जाते आणि त्याच्याबरोबर दहा मायक्रॉनहूनही बारीक गाळ निघतो. दहा मायक्रॉनचा गारगोटीचा कण स्थिर पाण्यातही सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून कमी वेगाने बसतो. वाहत्या नाल्यात तो बसतच नाही. तुमसर आणि रामटेक तालुक्यांत धानाची शेती आहे, मालगुजारी तलाव आहेत, आणि बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या शेतात, साचणारा असा गाळ पुढच्या हंगामात शेतकऱ्याच्याच माथी येतो. म्हणून गाळ बसवणारे थिकनर आणि पाणी परत यंत्राकडे नेणारी व्यवस्था यांना ‘नंतर पाहू’ म्हणून बाजूला ठेवता कामा नये. जिग आणि स्पायरल यांच्याबरोबरच त्यांचीही उभारणी झाली पाहिजे, आणि तोपर्यंत धुलाई सुरू करू देऊ नये. उन्हाळ्यात ज्या गावांत पिण्याच्या पाण्याची ओढ असते, तेथे ताजे पाणी किती लागणार हे आधी लेखी सांगितले गेले पाहिजे.

हे सारे करण्यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपुरात आहे आणि त्याची खनिज-प्रक्रिया प्रयोगशाळा व प्रायोगिक संयंत्र हिंगणा मार्गावर आहे. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत खाणकाम आणि धातुशास्त्र शिकवले जाते. विद्यार्थ्यांना प्रत्येक ढिगाऱ्याचे शास्त्रशुद्ध नमुने घेण्याचे काम दिले, तर त्यांचे शिक्षण होईल आणि शासनाला माहिती मिळेल. नमुना वरच्या थरातून फावड्याने उचललेला नसावा. ढिगाऱ्यात वेगवेगळ्या ठिकाणी खोलवर छिद्रे घेऊन तो काढलेला असावा, कारण पावसाने धुपलेला वरचा थर आतल्या मालासारखा नसतो.

राज्य शासनाच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाला आणि नागपूर व भंडारा येथील जिल्हा प्रशासनाला माझी विनंती अशी आहे की, कोणत्याही ढिगाऱ्याचा लिलाव किंवा धुलाईचा प्रस्ताव पुढे नेण्यापूर्वी त्याचा खनिजशास्त्रीय अहवाल, आकारगटानुसार चाचणीचे निष्कर्ष, अपेक्षित प्रत आणि प्राप्ती, आणि पाण्याचा पूर्ण ताळेबंद मराठीत प्रसिद्ध करावा आणि तो संबंधित ग्रामसभेपुढे ठेवावा. त्या परिसरातील विहिरींच्या पाण्याची धुलाईपूर्वीची तपासणी जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून करता येईल, आणि ती पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा व्हावी, म्हणजे पुढे वाद झाल्यास मूळ स्थिती काय होती याचा पुरावा गावाच्या हाती राहील.

आपला,
एक निवृत्त खनिज-प्रक्रिया अभियंता
नागपूर