फळीवरच किलोचा दर लावा

संपादक महोदय,

सणासुदीला शहरातल्या मोठ्या सुपरमार्केटांच्या दारातच चॉकलेट आणि सुक्या मेव्याच्या खोक्यांचे मनोरे उभे राहतात. ते पुठ्ठ्याचे रंगीत स्टँड, रांगेच्या टोकाचे कप्पे, डोळ्यांसमोरची फळी, या मोक्याच्या जागांसाठी कंपन्या अनेकदा दुकानांना पैसे किंवा जादा सवलत देतात. त्यात गैर काही नाही. पेठेतला वाणीही नव्या पुड्यांची माळ गल्ल्यासमोरच टांगतो. पण त्याला ‘यातलं स्वस्त कुठलं?’ असं विचारता तरी येतं.

नजर आधी रंग आणि ओळखीचं पाकीट टिपते, आकडे मागाहून. त्यातच तेल, चहा, बिस्किटं ठरावीक वजनांतच विकण्याची सक्ती २०२२ मध्ये उठली. त्यामुळे शेजारच्या दोन पाकिटांची वजनं जुळतीलच असं नाही. यावर उतारा म्हणून पाकिटावर एककाचा दर, म्हणजे एका ग्रॅमला किंवा किलोला किती पडतात ते, छापणं केंद्राने सक्तीचं केलं, हे उत्तमच. पण अंमल पाहा. एक किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅमचा, त्यावरच्या पाकिटावर किलोचा! समजा, अर्धा किलो बासमतीवर ‘०.१४ रुपये प्रतिग्रॅम’ आहे आणि पाच किलोच्या पिशवीवर ‘१२८ रुपये प्रतिकिलो’. ट्रॉली ढकलता ढकलता हा हिशेब कोण करणार? शिवाय दर दोनच दशांश स्थळांपर्यंत देतात, म्हणजे ०.१४ चा अर्थ किलोला १३५ पासून १४५ पर्यंत काहीही. एवढं करून तो छापलेला असतो बहुधा मागे किंवा कडेला, बारीक अक्षरांत. मांडणीत दिसते ती पाकिटाची दर्शनी बाजू.

युरोपीय संघाने १९९८ च्या निर्देशाने आणि ऑस्ट्रेलियाने २००९ पासून मोठ्या किराणा दुकानांना असा दर किमतीच्या जोडीनेच दाखवायला लावला. तिथे तो फळीवरच्या चिठ्ठीवर दिसतो, पाकीट उलटून पाहावं लागत नाही. आपल्याकडेही मोठ्या दुकानांत किमतीची चिठ्ठी फळीला लावलेली असतेच. तिच्यावर आणखी एक ओळ छापायला असा कितीसा खर्च येणार?

ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये याच पुण्यात सुरू झाली. शहरातल्या ग्राहक संघटनांनी ही मागणी वजन-मापांवर देखरेख ठेवणाऱ्या वैधमापन विभागाकडे आणि केंद्राकडे लावून धरावी. पाकीट केवढंही असो, दर किलोचा किंवा लिटरचाच द्यावा आणि तो विक्री किमतीइतक्याच ठळक अक्षरांत असावा. नियम बदलेपर्यंत एखाद्या पुणेकर दुकानदाराने आपणहून सुरुवात केली, तर त्याला कोणी अडवलेलं नाही.

– एक ग्राहक, कोथरूड, पुणे